तिसऱ्या चौकटीचं कुलूप

माझा आयुष्यात एकदाच जाहीर सत्कार झाला. ज्या कामासाठी तो झाला, ते काम पुढच्या तीन महिन्यांत मलाच माझ्या हाताने उलटवावं लागलं. शाल मात्र मी परत केली नाही.

मी नंदुरबारला राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत बसून प्रोग्रॅम लिहिते. माहेर कोरीटचं. बी.एस्सी.ची प्रवेशयादी लागून गेली होती, म्हणून वडिलांनी मला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला घातलं. इतक्या साध्या कारणाने माणसाचा धंदा ठरतो. वीसेक वर्षं झाली, अजून तोच चालू आहे. आमच्या भागात छोटी ऑफिसं, दवाखाने, शाळा यांना मोठ्या शहरातले लोक परवडत नाहीत आणि त्यांचं फोनवरचं बोलणंही समजत नाही. ते सगळे माझ्याकडे येतात.

असंच एका शिक्षण संस्थेचं काम आलं. संस्थेच्या सहा शाळा होत्या, दोन खाली सपाटीवर आणि चार वर सातपुड्यात. शाळेत पोर दाखल झालं की त्याची नोंद ज्या जाडजूड वहीत होते, ते जनरल रजिस्टर त्यांना कॉम्प्युटरवर हवं होतं. वरच्या शाळांत नेटचा भरवसा नाही, म्हणून मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच चालेल असा प्रोग्रॅम करून दिला. महिन्याच्या शेवटी वरची माणसं पेन ड्राइव्ह घेऊन खाली यायची.

त्या प्रोग्रॅममध्ये एक मोठा फॉर्म होता. विद्यार्थ्याची सगळी माहिती त्याच्यावर भरायची. सुरुवातीला मी सगळे रकाने एकाच पानावर मांडले, पण ते पान एस. टी. स्टँडच्या वेळापत्रकासारखं दिसायला लागलं. म्हणून टॅब केले, वहीच्या विभागांसारखे. टॅबमध्ये चौकटी केल्या. 'पालक' नावाच्या टॅबमध्ये 'कुटुंब' नावाची चौकट, आणि त्या चौकटीच्या पोटात खाली डाव्या कोपऱ्यात आणखी एक छोटी चौकट. तिच्यात एकच रकाना होता, आईचं नाव. तो तिथे का टाकला, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. तिथे जागा उरली होती. दुसरं काही कारण नव्हतं.

संस्थेच्या सचिवांना सगळे नाना म्हणायचे. नाना स्वभावाने वाईट नव्हते, पण रजिस्टर म्हटलं की त्यांचं रक्त तापायचं. रजिस्टरात खाडाखोड नको, ही त्यांची एकच अट. मुख्याध्यापकांनी नोंद तपासून 'पक्की' असं बटण दाबलं की त्या नोंदीतला एक कानासुद्धा कोणाला हलवता येता कामा नये. नाना खूश असले की अहिराणीत बोलायचे आणि रागावले की प्रमाण मराठीत. ही अट त्यांनी प्रमाण मराठीत सांगितली होती, म्हणजे ती गंभीर होती.

मग मी एक लूप लिहिला. लूप म्हणजे कॉम्प्युटरला दिलेला असा हुकूम, की फॉर्मवरच्या एकेका वस्तूकडे जा, तो रकाना असेल तर त्याला कुलूप लाव, आणि पुढे सरक. आता यात एक गंमत आहे. फॉर्मला विचारलं की तुझ्यावर काय काय आहे, तर तो फक्त स्वतःच्या अंगावरच्या वस्तू सांगतो. त्या वस्तूंच्या पोटात काय आहे ते त्याला विचारल्याशिवाय तो सांगत नाही. हे मला माहीत होतं. म्हणून मी त्या लूपच्या आत दुसरा लूप लिहिला, टॅबच्या पोटात शिरणारा. त्याच्या आत तिसरा, चौकटीच्या पोटात शिरणारा. तिथे मी थांबले. पहिला टॅब उघडून पाहिला, सगळे रकाने करडे पडले होते, म्हणजे बंद झाले होते. फार समाधान वाटलं. बाकीचे टॅब उघडून पाहण्याची गरज मला वाटली नाही.

चार वर्षं प्रोग्रॅम सुरळीत चालला. एकदाही तक्रार नाही. आता विचार करते तर मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण सरळ चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमबद्दल इतकी वर्षं कोणी गप्प बसत नाही.

मग एके दिवशी नानांचा फोन आला. प्रमाण मराठीत.

"मॅडम, आपल्या प्रोग्रॅममध्ये पक्की केलेली नोंद बदलता येते का?"

"नाही नाना."

"मग ती बदलली कशी?"

झालं होतं असं, की धडगावच्या शाळेतून गेलेल्या एका मुलीचा दाखला हरवला. तिने दुसरी प्रत मागितली. ऑफिसने ती छापली आणि फायलीतल्या जुन्या प्रतीशी जुळवली, तर दोन्हींवर आईचं नाव वेगळं. मुलगी तीच, जन्मतारीख तीच, आई दुसरी.

मी फोन ठेवला आणि माझ्याकडच्या कॉपीत ती नोंद उघडली. 'पालक' टॅबवर गेले. सगळे रकाने करडे. खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत, आईच्या नावावर, माउसने टिचकी मारली. कर्सर उभा राहून लुकलुकायला लागला. मी घाबरत घाबरत तिथे माझं स्वतःचं नाव टाइप केलं आणि सेव्ह केलं. प्रोग्रॅमने मुकाट्याने ते घेतलं. एका अनोळखी मुलीची मी आई झाले होते. पटकन ते नाव पुसलं आणि जुनं परत टाकलं.

मी तीन पातळ्यांपर्यंत लूप लिहिला होता आणि त्या छोट्या चौकटीतला रकाना चौथ्या पातळीवर होता. एवढीच गोष्ट.

दुरुस्ती करायला मला एक दुपार लागली. या वेळी मी पातळ्या मोजल्या नाहीत. एक छोटं फंक्शन लिहिलं. त्याला कुठलीही वस्तू द्या, ते तिच्या पोटातल्या प्रत्येक वस्तूकडे जातं. रकाना असेल तर कुलूप लावतं, आणि त्या वस्तूलाही पोट असेल तर स्वतःलाच पुन्हा हाक मारून त्या पोटात शिरतं. पोट संपेपर्यंत हे चालतं. जेमतेम नऊ ओळी होत्या, पण इतक्या देखण्या की मी त्या दोनदा छापून काढल्या. या धंद्यात असं काही हाताला लागलं की दाखवायला माणूस मिळत नाही. घरी दाखवलं असतं तर सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं असतं आणि म्हटलं असतं, "ह्या ओळी आडव्यातिडव्या का बरं शेतस?"

नवी आवृत्ती घेऊन मी स्वतः वरच्या चारही शाळांना गेले. धडगावला जीपमध्ये मागच्या बाकावर बसून, घाटातल्या प्रत्येक वळणाला पर्स छातीशी धरत. पर्समध्ये पेन ड्राइव्ह होता.

धडगावच्या शाळेचे लिपिक पन्नाशीचे गृहस्थ होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. ते तिथूनच वर एका पाड्यातले. घरी पावरी बोलत आणि मराठी फक्त शाळेत शिकलेले, म्हणून त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं. मी अहिराणीत वाढलेली, घाईत बोलायला लागले की माझ्या 'ला'चं 'ले' होतं. भाऊसाहेबांचं कधी होत नसे.

मी नवा प्रोग्रॅम टाकत असताना ते शेजारी उभे होते.

"मॅडम, आता सगळंच बंद?"

"सगळंच."

"आतलंही?"

"कितीही आतलं असू द्या भाऊसाहेब," मी म्हणाले. नऊ ओळींचा अभिमान आवाजात उतरला असणार.

"बरं," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा सांगायला बाहेर गेले. चहा यायला बराच वेळ लागला. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

संस्थेच्या वार्षिक सभेत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. नानांनी माइक हातात घेतला आणि मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

"हाई आपली पोर शे," ते सभेला म्हणाले. "कोरीटनी शे. इन्हा कुलूपले चावीच नही!"

टाळ्या झाल्या. मागच्या रांगेत भाऊसाहेब बसले होते, त्यांनीही वाजवल्या. ते शिस्तीचे गृहस्थ होते.

जूनमध्ये, दाखल्यांची गर्दी सुरू झाली तेव्हा, एका सकाळी भाऊसाहेब माझ्या दारात उभे. हातात आमचूरची पिशवी. धडगावहून पहिली जीप धरून आले होते. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, ती कीबोर्डला लागू नये म्हणून थोडी सरकवली.

"मॅडम, एक विचारू? ती आईच्या नावाची खिडकी तुम्ही का बंद केली?"

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. "म्हणजे ते तुम्ही बदलत होता?"

"हो. चार वर्षं."

आणि मग त्यांनी सांगितलं. प्रवेशाच्या दिवशी मास्तर बापाला विचारतात, आईचं नाव काय. मास्तर खालचे, त्यांना पावरी येत नाही. बापाला मराठी अर्धवट. तो खात्री करायला त्याच्या बोलीत उलट विचारतो, आई ना, हिच्या आईचं ना? मास्तरांच्या कानावर एक शब्द पडतो, तो त्यांना नावासारखा वाटतो, आणि ते तो लिहून घेतात. तो शब्द म्हणजे पावरीतला 'आई'.

"आमच्या रजिस्टरात त्या नावाच्या बाया इतक्या आहेत," भाऊसाहेब म्हणाले, "की बाहेरच्या माणसाला वाटेल, आमच्याकडे मुलीचं एकच नाव ठेवतात."

मला हसू आलं. त्यांना आलं नव्हतं, म्हणून मी ते आवरलं.

नियमाने दुरुस्ती करायची तर अर्ज, प्रतिज्ञापत्र, आईबापाच्या सह्या. आईबाप दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. परत येतात तोवर शाळेला सुट्टी लागलेली असते. म्हणून ज्या मुलीच्या आईचं नाव चुकलंय ती पुढे जाते आणि तिची आई मागे त्या शब्दावरच राहते. पुढे जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, नोकरी, जिथे जिथे आईचं नाव विचारतात तिथे कागद एकमेकांशी जुळत नाहीत.

"खिडकी कशी सापडली?" मी विचारलं.

"कीबोर्ड पुसत होतो. फडक्याने बटणं दाबली गेली आणि आईच्या नावात काहीतरी उमटलं. बाकी कुठेच उमटत नाही, तिथेच उमटतं. मग मी बाजाराच्या दिवशी वही घेऊन जायला लागलो. बाया बाजाराला येतातच. त्यांनाच विचारायचं, तुझं नाव काय. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन दुरुस्त करायचं. बापाचं नाव नाही, जन्मतारीख नाही, दुसरं काही नाही. ते बंदच होतं, आणि बरं होतं."

मग त्यांनी पाण्याचा पेला संपवून टेबलावर ठेवला.

"मला वाटलं, ती तुम्ही मुद्दाम ठेवली. सगळं बंद आणि आईचं तेवढं उघडं. मी घरी बोललोसुद्धा, बाई माणूस म्हणून हे सुचलं."

आयुष्यात कोणी माझ्याबद्दल इतकं चांगलं मत केलं नव्हतं. ते तसंच राहू द्यावं असा मोह मला झाला, अगदी मिनिटभर झाला. पण आमचूरची पिशवी समोर होती.

"भाऊसाहेब, ती माझी चूक होती."

त्यांनी मान हलवली. विचार केला.

"चांगली होती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी नानांकडे गेले. भाऊसाहेबांचं नाव घेतलं नाही. नुसतं म्हणाले, की नोंदी पक्क्या होतानाच काही चुका राहतात, तर दुरुस्तीची काही सोय असावी. नाना लगेच प्रमाण मराठीत शिरले.

"दुरुस्ती म्हणजे आपली चूक होती असं आपणच लिहून द्यायचं?"

"चूक असेल तर, नाना."

"तसं नको. रीतसर करू."

रीतसर म्हणजे एक समिती नेमली. समितीने दुरुस्तीच्या अर्जाचा नमुना ठरवला आणि तो टाइप करायला माझ्याकडेच पाठवला. मी तो टाइप केला. आईच्या नावात बदल हवा असेल तर आईच्या ओळखपत्राची प्रत जोडावी, आणि ओळखपत्रावरचं नाव रजिस्टरातल्या नोंदीशी जुळत असावं. हे वाक्य मी टाइप करून पुन्हा वाचलं. मग समितीतल्या एकांना फोन करून विचारलं, की नाव जुळत असेल तर बदल कशाला हवा, आणि जुळत नसेल तर अर्ज कसा चालेल? ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त टाइप करा." मी केला. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या तेवढ्या सुधारल्या.

आठवड्याभराने भाऊसाहेबांनी दोघींना माझ्याकडे पाठवलं. एक मुलगी, नुकती बारावी झालेली, आणि तिची आई. मुलीला नर्सिंगला प्रवेश हवा होता. दाखल्यावर आईचं नाव म्हणून तोच शब्द, आणि आईच्या आधार कार्डावर तिचं खरं नाव. प्रवेश देणाऱ्यांनी सांगितलं होतं, आधी हे एक करून आणा. माझ्याकडून काय होणार होतं, ते मला ठाऊक नव्हतं. भाऊसाहेबांनाही नसावं. पण दारं संपली की लोक ज्याने दार बनवलं त्याच्याकडे येतात.

आई उंबऱ्याशीच उभी राहिली. आत या म्हटलं तर मुलीकडे बघितलं, मग आली आणि कॉम्प्युटरपासून हातभर दूर भिंतीला टेकून बसली. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली. तिचं मराठी चांगलं होतं.

मी तिची नोंद उघडली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. खालच्या कोपऱ्यातली चौकट, आता पक्की करडी.

"इथे काय लिहिलंय ते वाचलंस कधी?"

ती वाकली. वाचलं. तोंडावर हात घेऊन हसायला लागली. आईने काय म्हणून विचारलं. तिने आईला सांगितलं. आईने पुन्हा काहीतरी विचारलं, आणि मग तीही हसली, सगळे दात दिसतील अशी.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"ती म्हणते, बरोबरच लिहिलंय की. मी हिची आईच आहे."

या वेळी मी हसू आवरलं नाही.

मग आई गंभीर झाली. माझ्याकडे सरळ बघून तिने आपलं नाव सांगितलं. मी ते वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. तिने मान नकारार्थी हलवली आणि पुन्हा सांगितलं, हळू, तोडून तोडून, मंद पोराला शिकवतात तसं. मी पुन्हा लिहिलं. मुलीने वही घेतली, मी लिहिलेल्या एका अक्षरावरची मात्रा खोडली आणि दुसऱ्यावर दिली. तेव्हा कुठे आईने मान डोलावली. मी चाळीशी ओलांडलेली बाई, दोन दशकं लोकांची नावं रकान्यांत भरणारी. आणि एक नाव नीट ऐकायला मला तीन प्रयत्न लागले होते. मास्तरांवरचा माझा राग तिथे बराच उतरला.

त्या गेल्यावर मी प्रोग्रॅम उघडला. काम एका ओळीचं होतं. त्या देखण्या नऊ ओळींत दहावी घालायची, की ही चौकट आली तर तिला सोडून दे. मी ती ओळ लिहिली. चालवून पाहिली. आईच्या नावात कर्सर पुन्हा लुकलुकायला लागला, जसा चार वर्षं लुकलुकत होता.

पण मग मला नानांचा फोन आठवला. पुन्हा कधीतरी दोन कागद जुळणार नाहीत, पुन्हा कोणी विचारील नोंद बदलली कशी, आणि या वेळी चूक प्रोग्रॅमची नसेल. माझ्या नावाने एक शाल घरात होती. भाऊसाहेबांच्या नावाने काही नव्हतं. सापडले असते तर ते एकटेच सापडले असते.

मी ती ओळ खोडली. त्याऐवजी दोन दिवस बसून वेगळं केलं. सगळे रकाने बंदच राहतील. आईच्या नावापाशी 'दुरुस्ती' असं बटण. ते दाबलं की जुनं नाव, नवं नाव, बदल कोणी केला, कधी केला आणि कोणाला विचारून केला, हे सगळं भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आणि ती नोंद कायम राहील, कोणालाही पुसता येणार नाही, मलासुद्धा नाही.

नानांना दाखवायला गेले. खिडकी, सोय, दुरुस्ती यांतला एकही शब्द वापरायचा नाही असं वाटेत ठरवलं होतं.

"नाना, ऑडिटची व्यवस्था केलीय," मी म्हणाले.

"ऑडिट?"

"हो. कोणी काय केलं ते सगळं कळणार."

नानांचा चेहरा खुलला. "ऑडिट शे ना? मंग व्हऊ दे!"

समितीच्या पुढच्या बैठकीत ते मंजूर झालं. अर्जाचा नमुना रद्द झाला नाही. तो आणि ही व्यवस्था, दोन्ही एकाच वेळी लागू राहिले, आणि त्यात विसंगती आहे असं कोणालाच वाटलं नाही.

भाऊसाहेबांना मी फोनवर सगळं समजावलं.

"म्हणजे प्रत्येक ठिकाणी माझं नाव येणार?"

"हो."

"पूर्वी कोणाचंच येत नव्हतं. ते बरं होतं," ते म्हणाले. "उद्या बाजार आहे. परवापासून सुरू करतो."

त्या मुलीला दाखला मिळाला. प्रवेशही मिळाला. तिने भाऊसाहेबांना फोन करून सांगितलं, भाऊसाहेबांनी मला.

वर्ष संपल्यावर नानांनी ऑडिटचा अहवाल मागवला. मी सहा शाळांची यादी छापून दिली, कुठे किती दुरुस्त्या झाल्या ती. पाच शाळांपुढे शून्य होतं. धडगावपुढे जो आकडा होता तो बघून नाना खुर्चीत सरळ झाले. मग जे व्हायचं ते झालं. पाच शाळांना 'निर्दोष अभिलेख' असं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मिळालं, आणि भाऊसाहेबांना नोटीस. आपल्याच शाळेत इतक्या चुका का, सात दिवसांत खुलासा करावा.

ते नोटीस घेऊन माझ्याकडे आले. मी चिडले होते, ते नव्हते. खुलासा मी लिहून देते म्हटलं आणि सुरुवातही केली, जरा झोंबेल अशी. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि कागद माझ्यापुढून काढून घेतला.

"असं नको मॅडम. साधं लिहू."

मग त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. नोंदी चुकल्या होत्या. संबंधित मातांना प्रत्यक्ष विचारून दुरुस्त केल्या. अजून बऱ्याच बाकी आहेत. काम सुरू आहे. खाली सही. चार वाक्यांत एकही चूक नव्हती, व्याकरणाचीसुद्धा.

चार दिवसांनी नानांचा फोन आला. या वेळी मला त्यांची भाषाच ओळखता येईना. अर्धं वाक्य इकडचं, अर्धं तिकडचं.

"तो भाऊसाहेबना खुलासा वाचला मी. कार्यवाहीची आवश्यकता नाही, असा शेरा मारलाय." मग आवाज खाली आणला. "पण एक सांग माले. आपली कोरीटकडची शाळा. तठे एकबी दुरुस्ती नही? एकबी?"

"नाही नाना. शून्य."

"मन्ही आत्याना नातू तठेच शे," नाना म्हणाले. "त्यानी मायनं नाव दाखलावर चुकेल शे. माले माहीत शे."

पुढच्या महिन्यापासून बाकीच्या शाळांतूनही दुरुस्त्या यायला लागल्या. वरच्या मोलगीच्या शाळेतून सगळ्यात जास्त, कारण तिथल्या लिपिकाला मी काही शिकवायची गरजच पडली नाही. भाऊसाहेब एका बाजाराच्या दिवशी स्वतः जाऊन त्याच्यासोबत बसले. 'निर्दोष अभिलेख' मात्र त्या पाचही ऑफिसांत अजून टांगलेलं आहे. काढा असा आदेश कोणी काढला नाही आणि आदेशाशिवाय फ्रेम कोण काढणार?

मोलगीला त्या दिवशी मीही गेले होते. काम काही नव्हतं, बघायचं होतं. बाजार भरात होता. भाऊसाहेब एका आमचूर विकणाऱ्या बाईपुढे उकिडवे बसले आणि वही उघडली. मोलगीकडची बोली भिली, त्यांची पावरी. दोन्ही सख्ख्या शेजारणी, पण एक नाहीत. बाईने नाव सांगितलं, त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. ती हसली आणि तिने त्यांची चूक सुधारली. त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा जमलं. मला मनातून बरं वाटलं, हे कबूल करते.

मग बाईने माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं.

"विचारते, ही कोण?" भाऊसाहेबांनी सांगितलं. "मी म्हटलं, शाळेतली आहे."

बाईने मला खालून वर नीट न्याहाळलं आणि पुन्हा काहीतरी विचारलं.

"आता काय म्हणते?"

भाऊसाहेबांनी वही मिटली. चेहऱ्यावरची एक रेषाही न हलवता, पुस्तकी मराठीत ते म्हणाले, "विचारते, कितवीत आहे?"